शब्द कुणाचा, नोंद कुणाची?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज मी एका मालिकेबद्दल बोलणार आहे. सासू-सुनेच्या मालिकेबद्दल नाही. परदेशातली आहे. राजे आहेत, किल्ले आहेत, आग ओकणारे, उडणारे ड्रॅगन आहेत. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरापोरींना 'गेम ऑफ थ्रोन्स' असं नुसतं म्हणून बघा, लगेच मान वर करतील. अमेरिकेतली ही मालिका २०११ ते २०१९ या काळात चालली, ७३ भाग झाले. मग २०२२ मध्ये त्याच घराण्यांच्या मागच्या पिढ्यांची गोष्ट सांगणारी 'हाउस ऑफ द ड्रॅगन' ही दुसरी मालिका आली. दोन्हींचा मूळ लेखक एकच, जॉर्ज आर. आर. मार्टिन. आधीच सांगून ठेवते, यात रक्तपात फार आहे आणि उघडीवाघडी दृश्यंही आहेत. लहान मुलांसमोर लावू नका.

मग आपण कशाला बोलायचं हिच्याबद्दल? तर ड्रॅगन बाजूला काढले की खाली भांडण उरतं ते आपल्या ओळखीचं. बापाच्या मागे कुणाचं? आणि चार माणसांत दिलेला शब्द पाळायचा की फिरवायचा? हे दोन प्रश्न सुटत नाहीत म्हणून तिथे अख्खा देश जळतो. नावं जरा अवघड आहेत. लक्षात नाही राहिली तरी चालेल, गोष्ट लक्षात ठेवा.

गोष्ट घडते वेस्टरॉस नावाच्या देशात. असा देश पृथ्वीवर कुठे नाही, लेखकाने तो मनाने रचला. पण नुसता राजवाडा रंगवून तो थांबला नाही. त्याने त्या देशाचे कायदे ठरवले, रीतिरिवाज ठरवले, कुठल्या भागात कुणाचा वारसा कसा चालतो तेही ठरवलं. बहुतेक भागात थोरला मुलगा पहिला. मुलगा नसेल तर मुलगी, म्हणजे काकाच्या आधी मुलगीच. पण दक्षिणेला डॉर्न नावाचा मुलूख आहे, तिथली रीत वेगळी. तिथे थोरलं लेकरू गादीवर बसतं, मग तो मुलगा असो की मुलगी.

आणि लग्नाबाहेर झालेलं मूल? बड्या घराण्यातला बाप असला तरी त्याला बापाचं आडनाव मिळत नाही. ज्या मुलखात जन्मलं तिथलं आडनाव लागतं. उत्तरेत 'स्नो', म्हणजे बर्फ. डॉर्नमध्ये 'सँड', म्हणजे वाळू. नद्यांच्या खोऱ्यात 'रिव्हर्स', म्हणजे नद्या. नाव सांगितलं की समोरच्याला कळतं, याला वाटा नाही. माणसाचा सातबारा जणू त्याच्या नावातच लिहिलेला.

त्या देशात आपल्यासारखं नोंदणी कार्यालय नाही. त्यामुळे शपथ हाच तिथला दस्तऐवज. सरदार राजापुढे गुडघा टेकतो, चारचौघांत शब्द देतो आणि त्यावर राज्य चालतं. आपल्याकडे बेल-भंडारा उचलायची रीत होती, तशीच म्हणा. आपण 'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणतो ना, तेही तिथे जसंच्या तसं आहे. यजमानाच्या घरची भाकर आणि मीठ पाहुण्याने खाल्लं, की त्या छपराखाली दोघांनीही एकमेकांच्या जिवाला धक्का लावायचा नाही. रॉब स्टार्क नावाच्या तरुण राजाने फ्रे घराण्यातली मुलगी करीन असा शब्द दिला होता. त्या शब्दावर त्याच्या सैन्याला त्यांच्या पुलावरून नदी ओलांडायला मिळाली. मग त्याचं दुसरीवरच मन बसलं आणि त्याने तिच्याशी लग्न केलं. फ्रे म्हाताऱ्याने राग गिळल्याचं दाखवलं, एका लग्नाला सगळ्यांना बोलावलं, भाकर-मीठ खाऊ घातलं आणि त्याच रात्री रॉबला, त्याच्या आईला, गरोदर बायकोला कापून काढलं. एकाने लग्नाचा शब्द मोडला, दुसऱ्याने मिठाचा. पण तो देश रॉबची चूक विसरला, मिठाशी केलेली बेइमानी मात्र कुणी विसरलं नाही.

आता शपथेचा दुसरा प्रकार बघा. हक्क सोडायची शपथ. उत्तरेच्या सीमेवर बर्फाची एक प्रचंड भिंत आहे आणि तिच्यावर पहारा देणारे लोक आहेत. पहाऱ्यात सामील होताना त्यांना शपथ घ्यावी लागते: मी लग्न करणार नाही, मला मूल होणार नाही, माझ्या नावावर जमीन असणार नाही. आपल्याला लगेच भीष्म आठवतो. सत्यवतीच्या बापाने अट घातली की माझ्या लेकीचाच मुलगा गादीवर बसला पाहिजे, आणि देवव्रताने वडिलांसाठी राज्यही सोडलं, लग्नही सोडलं. पण भीष्माने ते आपल्या मनाने केलं.

या पहाऱ्यात सॅम नावाचा एक मुलगा येतो. जाडजूड, भित्रा, पुस्तकांत रमणारा. मोठ्या सरदाराचा थोरला मुलगा, म्हणजे सगळी जहागीर याचीच. पण बापाला तलवार चालवणारा धाकटा हवा होता. सॅमच्या अठराव्या वाढदिवसाला बापाने त्याला सांगितलं, तू पहाऱ्यात जा आणि वारसा सोड. नाहीतर आपण शिकारीला जाऊ, तिथे तुला अपघात होईल आणि तुझ्या आईला तेवढंच कळेल. सॅम गेला. शपथ घेतली. कागदोपत्री विचारलं तर त्याने स्वखुशीने हक्क सोडला.

हे 'स्वखुशीने' जरा बाजूला ठेवा. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. ब्रियेन नावाची एक उंच, दणकट बाई आहे. तलवार चालवते, पण बाई म्हणून तिला कुणी योद्ध्याचा मान देत नाही. ती केटलिन नावाच्या एका आईपुढे गुडघा टेकते आणि म्हणते, मी तुझ्या बाजूने उभी राहीन, वेळ आली तर तुझ्यासाठी जीव देईन. अशा शपथा मालिकेत ढिगाने आहेत. पण इथे केटलिनसुद्धा उलट शपथ घेते. माझ्या चुलीपाशी तुला कायम जागा असेल, माझ्या ताटातलं तुला मिळेल आणि तुझ्या अब्रूला बट्टा लागेल असं काम मी तुला कधी सांगणार नाही. बघा, शब्द दोन्हीकडून आहे. एकीने मागितलं तसं दिलंही.

केटलिन पुढे मारली जाते, ती मघाशी सांगितलेल्या लग्नातच. पण ब्रियेन तिच्या मुलींना शोधत रानोमाळ हिंडते. मोठी मुलगी सान्सा सापडते तेव्हा ब्रियेन तिच्यापुढे तीच शपथ घेते. सान्सा आपल्या बाजूची शपथ म्हणताना मध्येच अडखळते, शब्द आठवत नाहीत. ब्रियेनचा मदतनीस पोरगा तिला पुढचे शब्द हळूच सुचवतो. मालकिणीने नोकराला काय द्यायचं, ते नोकराकडच्या माणसाला पाठ आहे! मला तर ते बघताना वाटलं, असंच असतं. देणाऱ्याला विसर पडतो, घेणाऱ्याला पाठ असतं.

आता मोठी गोष्ट, दुसऱ्या मालिकेतली. राजा व्हिसेरिस. स्वभावाने बरा माणूस. त्याला गादी कशी मिळाली ते आधी ऐका. त्याच्या आजोबांच्या मागे कोण, यासाठी सगळ्या सरदारांची मोठी सभा भरली होती. दावेदार दोन. एक थोरल्या मुलाची मुलगी, रेनीस. दुसरा धाकट्या मुलाचा मुलगा, हा व्हिसेरिस. थोरल्या फांदीचा हक्क रेनीसचा. पण सभेने बाई नको म्हणून व्हिसेरिसला निवडलं. म्हणजे त्याची स्वतःची गादीच 'बाई नको' या नियमावर उभी.

या राजाला एकच मुलगी, रेनीरा. राणीची कितीतरी बाळंतपणं वाया गेलेली. शेवटच्या वेळी बाळ अडलं. वैद्याने राजाला सांगितलं, पोट कापलं तर बाळ कदाचित वाचेल, आई जाईल. राजाने मुलाच्या आशेने होकार दिला. राणीला कुणी विचारलं नाही. ती गेली. मुलगा झाला होता, तोही त्याच दिवशी गेला. वंशाला दिवा हवा, या वाक्याचा अर्थ त्या दृश्यात जेवढा दिसतो तेवढा भाषणांनी कळत नाही.

मग राजाने मुलीला वारस ठरवलं. मोठमोठ्या सरदारांना बोलावलं, त्यांनी एकेक करून तिच्यापुढे गुडघा टेकला, शपथ घेतली. सोहळा झाला. सगळ्यांना वाटलं, झालं, ठरलं.

पुढे राजाने दुसरं लग्न केलं, मुलीच्याच मैत्रिणीशी, ॲलिसेंटशी. ॲलिसेंटचा बाप राजाचा मुख्य कारभारी. तिला मुलगा झाला, एगॉन. कारभाऱ्याला आता नातू राजा व्हायला हवा होता. राजा मात्र मरेपर्यंत म्हणत राहिला, माझी वारस रेनीराच. त्याने शब्द फिरवला नाही. पण मुलगा झाल्यावर त्याने सरदारांना परत बोलावून शपथ पक्की करून घेतली नाही. 'बाई नको' हा जुना नियम सभेपुढे ठेवून बदलला नाही. नियम होता तिथेच राहिला आणि त्याच्यावर शपथेची चादर पांघरली. पुढे रेनीरा राजधानी सोडून आपल्या बेटावर राहायला गेली. दरबारात रोज दिसणारे चेहरे दुसऱ्या बाजूचे. शपथ घेतलेले काही सरदार म्हातारे होऊन मेले, त्यांच्या जागी त्यांची मुलं आली.

एका रात्री राजा गेला. जाताना ग्लानीत तो काहीतरी पुटपुटला. समोर मुलगी आहे असं समजून तो एगॉन नावाच्या जुन्या पूर्वजाबद्दल बोलत होता. पण समोर होती राणी. तिने ऐकलं 'एगॉन' आणि तिला वाटलं, आपल्या मुलाला राजा करायचं सांगतायत. खोलीत दुसरा साक्षीदार नाही.

सकाळ व्हायच्या आत कारभारी मंडळी बसली. राणीने ऐकलेलं तर निमित्त झालं, बेत आधीच शिजलेला होता. राजा गेल्याची बातमी बाहेर जाऊ नये म्हणून वाड्यातल्या नोकरांना कोंडून घातलं. एक म्हातारा खजिनदार उठून म्हणाला, हा दगा आहे, आपण शपथ घेतली आहे. त्याला तिथेच टेबलावर मारलं. मग हजारो लोकांना एका ठिकाणी गोळा करून एगॉनच्या डोक्यावर मुकुट ठेवला. लोकांनी मुकुट बघितला, ढोल ऐकले आणि जयजयकार केला. रेनीराला बाप गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या जागेवर दुसरा बसलेला होता. ती बातमी तिच्यापर्यंत घेऊन गेली कोण? रेनीस. जिला सरदारांच्या सभेने डावललं होतं तीच.

यानंतरचा एक प्रसंग सांगते आणि मालिका आवरते. रेनीराचा मुलगा एका सरदाराकडे जातो आणि आठवण करून देतो, तुमच्या वडिलांनी माझ्या आईपुढे शपथ घेतली होती. सरदार विचारतो, ते ठीक आहे, पण माझ्या मुलींपैकी कुणाशी लग्न करशील? कारण दुसऱ्या बाजूने सोयरिकीचं बोलणं घेऊन माणूस आधीच येऊन बसला होता. बापाच्या शपथेचं मोल मुलाच्या दारात एवढंच. तो पोरगा रिकाम्या हाताने निघाला आणि वाटेत मारला गेला. तिथून पुढे जे पेटलं ते विझता विझेना.

तुम्ही म्हणाल, या सगळ्या बनवलेल्या गोष्टी. पण या गोष्टीचा धागा लेखकाने इंग्लंडच्या खऱ्या इतिहासातून घेतला आहे. तिथे पहिला हेन्री नावाचा राजा होता. ११२० मध्ये त्याचा एकुलता एक औरस मुलगा जहाज बुडून गेला. राहिली मुलगी, मटिल्डा. ११२७ मध्ये राजाने सरदारांकडून तिच्या नावाने शपथ घेतली. शपथ घेणाऱ्यांत राजाचा भाचा स्टीफन होता. १ डिसेंबर ११३५ ला राजा वारला. मटिल्डा तेव्हा समुद्रापलीकडे होती, गरोदर होती. स्टीफनने लंडन गाठलं आणि २२ डिसेंबरला मुकुट चढवलासुद्धा. तीन आठवड्यांत काम उरकलं. शपथेचं काय म्हणून विचारलं तर एका सरदाराने शपथेवर सांगितलं, राजाने मरताना आपला विचार बदलला होता. ऐकल्यासारखं वाटतं ना? मग वर्षानुवर्षं लढाई. ११५३ मध्ये तडजोड झाली की स्टीफनच्या मागे मटिल्डाचा मुलगा राजा होईल आणि ११५४ मध्ये तो झाला. मटिल्डाच्या डोक्यावर मात्र इंग्लंडचा मुकुट कधी चढला नाही.

आता आपल्या ओसरीवर या. मी ही गोष्ट आज का निवडली ते सांगते.

रेनीराच्या देशात शब्द मुलीच्या बाजूने होता आणि नियम तिच्या विरुद्ध. आपल्याकडे बरोबर उलटं आहे. नियम मुलीच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली. पण तेव्हा ज्यांची लग्नं आधी झाली होती त्या मुली बाहेर राहिल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशाला लागू होणारी दुरुस्ती आली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क, लग्न झालेलं असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात नसतील तर काय, यावर बराच वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांना लागू आहे. मुस्लीम आणि ख्रिश्चन भगिनींचे वारसा कायदे वेगळे आहेत. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीचं ते मृत्युपत्र करू शकतात, तीही गोष्ट वेगळी.

म्हणजे कायदा आहे. मग आपल्याकडे मुलीच्या विरुद्ध काय उभं राहतं? शब्द. वडील गेले की दिवस-कार्य होतं आणि कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, ताई चांगल्या घरी पडली आहे, ती काय मागणार आहे? चार माणसं हसतात. ताई पण हसते. झाली शपथ. मग दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही. त्यात वाक्य असतं, मी स्वखुशीने हक्क सोडत आहे. मघाशी बाजूला ठेवलेला सॅमचा शब्द तो हाच. सॅमला शिकारीची भीती होती, आपल्याला माहेर तुटायची.

आता ब्रियेन आठवा. तिचा शब्द दोन्हीकडून होता. हक्कसोड करताना बहीण देते जमीन. भाऊ काय देतो? माहेर देतो, दिवाळीला बोलावणं देतो, आजारी पडलीस तर ये म्हणतो. हे मोलाचं नाही असं मी म्हणणार नाही. भाऊ चांगले असतात, पुष्कळ असतात. पण बहिणीचा शब्द नोंदवला जातो आणि भावाचा शब्द हवेत राहतो. पुढे भाऊ गेला, भाचे कारभारी झाले, की त्या सरदाराच्या दारात रेनीराच्या मुलाचं झालं तेच होतं. मामांनी दिलेल्या शब्दाचं काय, म्हणून कुणाला विचारणार? आणि नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड असतं, हे सही करायच्या आधी कळायला हवं, नंतर नव्हे.

म्हणून मी तुम्हाला हक्क सोडा असंही सांगत नाही आणि भांडा असंही सांगत नाही. तुमचं घर तुम्हाला ठाऊक. एखादी खरंच मनापासून भावाला देईल, तिचा तो मान आहे. मी एवढंच म्हणते, सुतकात सही करू नका. पंधरा-वीस दिवस, महिना जाऊ द्या. कागद घरी आणा, कुणाकडून तरी वाचून घ्या. वारस नोंद करताना सगळ्या वारसांची नावं तलाठ्याकडे दिली आहेत का ते बघा. फेरफाराची नोटीस आली तर ती उशाखाली ठेवू नका, हरकत घ्यायला मुदत असते. आणि तुमच्या सासरी उद्या हाच प्रसंग येईल तेव्हा नणंदेचं नावही तुम्हीच आठवणीने सांगा. आपल्या माहेरी एक न्याय आणि सासरी दुसरा, असं करून चालणार नाही.

आणि ज्या बापाला, ज्या आईला मुलीला खरंच द्यायचं आहे, त्यांनी व्हिसेरिससारखं नुसतं बोलत राहू नये. आपल्या हयातीत, शुद्धीत असताना, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावं. ते नोंदवणं सक्तीचं नाही, पण नोंदवलेलं बरं. मरताना पुटपुटलेल्या शब्दाचा अर्थ ऐकणारा आपल्या सोयीने लावतो.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि प्रत्येकीने तीन गोष्टी सांगा. माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर आज कुणाकुणाची नावं आहेत? राहत्या घराच्या उताऱ्यावर माझं नाव आहे का? आणि मी आजवर कुठल्या कागदावर न वाचता सही किंवा अंगठा दिला आहे? ज्या बायांना उत्तर माहीत नसेल त्यांनी घाबरू नका, लाजू नका. दोघी-तिघी मिळून तलाठी कार्यालयात जा, उतारा काढा, वाचा. सातबारा मोबाईलवरही बघता येतो, तिथे ड्रॅगन बघणाऱ्या पोरांना कामाला लावा.